श्वासाचा तक्ता

९ ऑगस्ट २०२४

नागपंचमी. शिराळ्यात गर्दी, रस्ते वळवलेले, तरी ती मुलगी सांगितलेल्या वेळेला स्कूटरवरून आमच्या वस्तीवर हजर. नाव समीक्षा, राहणार माधवनगर. सांगलीत एक संशोधन चालू आहे, त्यासाठी गावोगाव फिरून लोकांच्या घशातले नमुने घेते. वेळ पाळणारं माणूस मला आवडतं. मी नाव नोंदवून टाकलं.

तिनं सांगितलं त्यातलं मला समजलं ते असं. माणसाच्या नाकात, घशात आणि खाली श्वासनळ्यांत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. सगळेच रोग करणारे नसतात, बरेचसे नुसते राहून असतात. वय, विडी, धूर, धूळ, कामाची जागा यांप्रमाणे ते बदलतात का, आणि बदलले तर फुप्फुसाचं काय होतं, हे त्यांना बघायचं आहे. तीन प्रकारची माणसं घेतली आहेत. आमच्यासारखी ऊसवाली, आटपाडी-जतकडची मेंढपाळ आणि माधवनगरची शहरातली.

माझी माहिती: वय सदुसष्ट, निवृत्त सुभेदार, ऊसशेती. विडी पस्तीस वर्षं, २०१५ साली सोडली. घरात गॅस आहे का? आहे, सात वर्षं झाली. एवढंच विचारलं होतं. भाकरी मात्र आमच्याकडे चुलीवरचीच होते. गॅसवरच्या भाकरीला चव नसते.

एका लांब काडीच्या कापसानं घसा पुसून घेतला. एक नळकांडंही दिलं आहे. त्यात जोरात फुंकलं की काटा सरकतो. सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकून मोठा आकडा तक्त्यात लिहायचा. तक्त्यात शेऱ्याला एक बोटभर जागा आहे. तेवढ्यात माझं भागत नाही, म्हणून ही वही.

पहिला आकडा ३४०. समीक्षा म्हणाली, वयाच्या मानानं थोडा कमी.

सौ. साळूबाई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आता तुमी बी फुंकणी फुंका." मी तिलाही गंमत म्हणून फुंकायला दिलं. १५०. तिला ते नीट जमलं नाही.

३ सप्टेंबर

सकाळी ३२०. संध्याकाळी ३२५. पावसानं जळण ओलं आहे, घरात धूर कोंडतो. सौ.चा पावसाळी खोकला सुरू झाला. दरवर्षीचाच. मीठ-हळदीचं पाणी घे म्हणून सांगितलं.

२९ सप्टेंबर

३२५. विशेष नाही. समीक्षाचा फोन आला, आकडे व्यवस्थित लिहिताय म्हणाली. आमच्या गटात एकही दिवस न चुकवणारा मी एकटाच आहे.

८ नोव्हेंबर

दिवाळी झाली. सौ. आज खंडाळ्याला गेली. आमची संयोगिता तिथंच औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, दुसरं बाळंतपण तिकडंच करायचं ठरलं. सौ. महिनाभर तरी येत नाही. पुतण्या जयराज शेजारीच राहतो, त्याच्या घरून दोन वेळचा डबा येणार.

एस.टी.त बसवताना तिला जिना चढल्यासारखी धाप लागली होती. पिशव्या फार घेतल्या होत्या.

१९ नोव्हेंबर

३५५.

परवापासून तुळस-आल्याचा काढा घेतोय. गुण दिसतो.

२७ नोव्हेंबर

३७०. फुंकायला लागल्यापासूनचा सर्वांत मोठा आकडा. शेऱ्यात लिहिलं: काढा.

संयोगिताला मुलगा झाला. दोघं बरी आहेत. सौ. फोनवर खूप वेळ बोलली. खोकला विचारला तर म्हणाली, "न्हाई आता. हितं आल्यावर आठ-दहा दिसात बंद झाला." खंडाळ्याची हवा चांगली असणार, कारखान्यांच्या चिमण्या असल्या तरी.

१२ डिसेंबर

सौ. परत आली. अंगानं भरली आहे. आल्या आल्या न्हाणीतली राख काढली, चूल सारवली. रात्री चुलीवरची भाकरी आणि वांग्याचं भरीत. महिन्यानं घरचं जेवलो असं वाटलं.

२१ डिसेंबर

३३५. उसाच्या तोडी चालू आहेत, रोज कुणी ना कुणी पाचट पेटवतं. आकडा उतरण्याचं कारण तेच. काढा चालूच आहे. सौ.चा खोकला परत आला, थंडी आहे.

२७ डिसेंबर

समीक्षा दुसरा नमुना घ्यायला आली. माझ्या आकड्यांचा आलेख करून आणला होता. नोव्हेंबरच्या जागी रेघ टेकाडासारखी वर गेलेली. तिथं बोट ठेवून म्हणाली, "आबा, ह्या दिवसांत काय वेगळं केलं होतं?"

"काढा घेत होतो."

"आता घेत नाही?"

"घेतोय की."

तिनं आलेखावरच्या तारखा पुन्हा बघितल्या. मग विचारलं, "त्या दिवसांत आज्जी कुठं होत्या?"

"लेकीकडं, खंडाळ्याला."

त्यावर ती पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ वर आढ्याकडं बघत उभी राहिली. सागवानी तुळया आहेत, काळ्याभोर झाल्या आहेत. शहरातल्या मुलांना जुन्या लाकडाचं कौतुक असतं.

जाताना मला म्हणाली, आज्जींनाही एकदा छातीच्या डॉक्टरांना दाखवा. मी म्हणालो, संक्रांत होऊ दे.

६ जानेवारी २०२५

तोड झालेल्या रानात मेंढरं बसवली. आटपाडीकडचा हरिबा दरवर्षी येतो, खतासाठी त्याचा कळप चार दिवस आमच्या रानात असतो. तोही या संशोधनात आहे हे आज कळलं. त्याचं नळकांडं लोकरीच्या पिशवीत. वय त्याच्या मते चौऱ्याहत्तर. माझ्यासमोर फुंकला, ४२०.

मी म्हणालो, "गड्या, तू विडी कवा सोडलीस?"

"धरलीच न्हाई. मेंढरामागं वरडायला दम लागतोय, सुभेदार."

त्याला आणि त्याच्या माणसांना भोगीचं जेवण सांगितलं. त्यासाठी तो चार दिवस जास्त थांबणार आहे.

१४ जानेवारी, सांगली

हे दवाखान्यात लिहितोय. काल लिहिता आलं नाही.

काल भोगी. हरिबाची सात माणसं, घरातली आम्ही दोघं, जयराजकडची चार. सौ. पहाटे पाचपासून चुलीपुढं. बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकऱ्या. वाऱ्यानं जाळ विझतो म्हणून तिनं मागचं दार लावून घेतलं होतं. हरिबा लवकर आला होता, तो आणि मी ओट्यावर बसलो होतो. मी तक्ता लिहीत होतो.

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता तो थांबला. मला ते जाणवलं. मी आकडा लिहिला, शेरा लिहिला. हरिबा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सुभेदार, आत बगा."

साळू भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर-खाली होत होते. ओठ निळसर. मी विचारलं काय होतंय, तर तिनं नुसता हात हलवला. तव्यावरची भाकरी जळत होती.

जयराजच्या गाडीतून थेट सांगली. तिला आडवं होता येईना, सगळा रस्ता ती पुढच्या सीटला धरून वाकून बसली होती. मी पाठीवर हात ठेवला होता. पाठ भात्यासारखी चालली होती. लष्करात उंचीवर श्वास अडकलेली माणसं मी पाहिली आहेत, स्ट्रेचरवर घालून खाली आणली आहेत. जयराजला दोनदा म्हणालो, गाडी पळव.

ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत रंग परत आला.

डॉक्टर बाईंनी मला विचारलं, "विडी, तंबाखू, मिसरी?"

"नाही. काहीच नाही."

"स्वयंपाक कशावर?"

"गॅस आहे घरात."

त्यांनी 'गॅस' असं लिहिलं. साळूच्या तोंडावर मास्क होता. तिनं माझ्याकडं बघितलं, मग वर पंख्याकडं.

मी खोटं बोललो नाही. गॅस आहे.

१५ जानेवारी

डॉक्टर बाईंना चुलीचं सांगायचं ठरवलं होतं. त्या फेरीला आल्या तेव्हा मी चहा आणायला गेलो होतो.

१७ जानेवारी

नाव कळलं. सीओपीडी. डॉक्टर बाई म्हणाल्या, श्वासनळ्या कायमच्या अरुंद झाल्या आहेत. झालेलं पूर्ण भरून निघत नाही, पुढं बिघडू नये एवढं करता येतं. रोज पंपानं औषध ओढायचं.

त्या म्हणाल्या, "हे बहुतेक वर्षानुवर्षं विडी ओढणाऱ्यांना होतं."

मी म्हणालो, "मग मला का नाही झालं?"

"तुम्हालाही थोडं आहे. यांना जास्त आहे."

समीक्षा वॉर्डात येऊन गेली. साळूला विचारून तिच्या घशाचा आणि बेडक्याचा नमुना घेतला. माझ्याशी नेहमीपेक्षा कमी बोलली. जाताना डॉक्टर बाईंच्या खोलीत गेली. बाहेर आली त्यानंतर अर्ध्या तासानं डॉक्टर बाई आल्या, साळूच्या खाटेवर बसल्या आणि तिलाच विचारलं, "चुलीपुढं रोज किती वेळ असता, आज्जी?"

साळूनं मास्क बाजूला केला. "सकाळी दोन-अडीच तास. सांजचं दीड."

मी खिडकीपाशी होतो. मला कुणी काही विचारलं नाही.

२० जानेवारी

घरी आणलं. हरिबा कळप घेऊन पुढं निघाला होता, वाट वाकडी करून भेटायला आला. साळूला दूध देऊन गेला. फाटकाशी मी त्याला म्हणालो, "तुमी तर जलमभर तीन दगडांवर शिजवताय. तुमच्या बायकास्नी का न्हाई असं होत?"

तो म्हणाला, "एकादीला हुतंय. पर आमच्या चुलीवर छप्पर न्हाई, सुभेदार. धूर जातोय त्याच्या वाटंनं." मग मेंढरांकडं बघत म्हणाला, "वैनी लय दिसांपासनं खोकत्यात. मी मागल्या साली बी ऐकलंवतं."

२५ जानेवारी

जेवण जयराजकडून येतं. आज त्याची बायको सोनिया डबा ठेवताना म्हणाली, "मामंजी, गॅसवरची भाकरी गोड मानून घ्या."

मी म्हणालो, "गॅसवरची?"

"आमच्याकडं चूल कुठं हाय? पाच वर्सं झाली मोडून."

म्हणजे पाच दिवस मी गॅसवरची भाकरी खातोय. नोव्हेंबरातही महिनाभर खात होतो. मला कळलं नाही. डिसेंबरात साळू परत आल्यावर 'महिन्यानं घरचं जेवलो' असं मीच या वहीत लिहिलं आहे. मागची पानं काढून वाचली. सगळीच वाचली. १९ नोव्हेंबर, २७ नोव्हेंबर, ८ नोव्हेंबरची धाप. पहिल्या दिवशीचा तो १५०.

काढा आज घेतला नाही.

२८ जानेवारी

खात्री करून घ्यायची होती. साळू माडीवर झोपली होती. दुपारी स्वयंपाकघराचं मागचं दार लावलं, चूल पेटवली, आणि ती बसते त्या पाटावर बसलो. फुंकणीनं जाळ धरला. ठरवलं होतं दोन तास. पस्तीस मिनिटांत उठलो. डोळ्यांतून पाणी, छातीत घट्ट. एवढ्यात एक भाकरीही थापली नव्हती, नुसता बसलो होतो.

साळूनं वरून हाक मारली, "कशापाय धूर केलाय?"

"बगत हुतो."

ती वरूनच म्हणाली, "बगून झालं असंल तर पानी मारा."

संध्याकाळचा आकडा २८५. शेरा: चूल.

२० फेब्रुवारी, सांगली

संशोधनाच्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. साळू पहिल्यांदाच माझ्या शेजारच्या खुर्चीवर, समोरासमोर बसून डॉक्टरांचं ऐकत होती. नाहीतर ती दाराशी उभी राहते.

त्यांनी कागदावर रंगीत पट्ट्या दाखवल्या. एका पट्टीत एका माणसाच्या श्वासमार्गातले जीव, प्रत्येक जातीला एक रंग. हरिबाच्या पट्टीत पुष्कळ रंग. माझ्या पट्टीत कमी. साळूच्या पट्टीत निम्म्याहून जास्त जागा एकाच रंगानं व्यापलेली.

डॉक्टर म्हणाले, वय झालं की रंग थोडे कमी होतात, पण वयाएवढाच राहणीचाही हात असावा असं दिसतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं एका घरात राहिल्यामुळं तुम्हा दोघांच्या पट्ट्यांत बरंच साम्य आहे. "एकमेकांचे जीव एकमेकांकडं गेलेले असतात," असं म्हणाले. साळू पदर तोंडाला लावून हसली.

मी विचारलं, "म्हंजे आमच्या रानात गेली बारा वर्सं नुस्ता ऊसच हाय, तसं?"

"काहीसं तसं. मिश्र पीक असलं की एकट्या कुणाचं राज्य होत नाही."

"मग ह्या एका जातीनं हिचं फुप्फुस बिघडवलं?"

डॉक्टरांनी मान हलवली. "ते आम्हाला अजून माहीत नाही. धुरानं नळ्या खराब झाल्या म्हणून ह्या जातीला जागा मिळाली असेल. किंवा ती माजली म्हणून नळ्या आणखी खराब झाल्या असतील. दोन्ही होत असेल. एवढ्या थोड्या माणसांवरून सांगणं बरोबर नाही."

शिकलेल्या माणसानं 'माहीत नाही' म्हणावं याचं मला आधी नवल वाटलं. आम्हाला वरिष्ठांपुढं असं म्हणायची मुभा नव्हती. बाहेर आल्यावर साळूनं विचारलं, "जंतूचं ऱ्हाऊ द्या. धुराचं तरी त्यास्नी ठावं हाय नव्हं?"

"ठावं हाय."

"मग झालं," ती म्हणाली.

११ मार्च

गॅस मी पेटवतो. भाकरी सोनियाकडून, भात-भाजी मी. डाळ दोनदा करपली. साळू पाटावर बसून सांगते, उठत नाही. चूल मोडू का विचारलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मोडून काय हुतंय, पेटवायची न्हाई एवढंच." चुलीवर तिनं पितळी घागर पालथी घातली आहे.

साळूचा आकडा आता मी तिच्या तक्त्यात लिहितो. दवाखान्यातून आली तेव्हा १४० होता, आज १७५. माझा ३६०.

२७ मार्च

संशोधनात आता नवा गट केला आहे, कधीही विडी-तंबाखू न घेतलेल्या बायकांचा. समीक्षानंच वरिष्ठांकडं लावून धरलं म्हणे. पहिलं नाव साळूचं.

मुलाखत माजघरात झाली. समीक्षा मला म्हणाली, "आबा, तुम्ही बाहेर बसा. नवरे शेजारी असले की उत्तरं नवरेच देतात." मी ओट्यावर बसलो. दार लोटलेलं होतं, ऐकू येत होतं.

साळू एक तास वीस मिनिटं बोलली. इतकं बोलताना मी तिला ऐकलेलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा चुलीला धुराडं होतं, ते नव्या पत्र्याच्या वेळी बुजवलं, ते मी विसरलो होतो. खोकला पहिल्यांदा आला ते साल तिला ठाऊक होतं: आमचा मुलगा रविराज पाचवीत होता, मी सीमेवर होतो, ऊसतोडीच्या माणसांचं जेवण ती एकटी करत होती. म्हणजे अठ्ठावीस वर्षं. पायऱ्या चढताना ती मध्ये थांबते ते देवाच्या फोटोला हात जोडायला नव्हे.

समीक्षानं विचारलं, "घरात कुणाला सांगितलं होतं का खोकल्याचं?"

साळू म्हणाली, "सांगायचं काय? ऐकू येतं की."

मग आत बोलावलं. चार पानांचा अर्ज. साळूनं सही केली, सावकाश, पूर्ण नाव. खाली साक्षीदाराची सही माझी. समीक्षा म्हणाली, वाचून करा. मी चारही पानं वाचली. तिसऱ्या पानावर प्रश्न होता: घरात गॅस असूनही चूल वापरण्याचं कारण. उत्तर लिहिलं होतं: मला स्वतःला गॅसवरची भाकरी आवडत नाही.

मी समीक्षाला म्हणालो, "हे चुकलं आहे."

साळू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की आवं. कागदच हाय त्यो."

"भाकरी मला आवडत नव्हती. हिला न्हवं. हिला कुणी विचारलंच न्हवतं. आन् दवाखान्यातल्या कागदावर मी 'गॅस' सांगितलं हुतं, ते बी लिवून घे."

समीक्षानं कागद माझ्यापुढं सरकवला. खोडायला पांढरी शाई लागेल असं वाटून मी आत शोधायला निघालो, तर म्हणाली, "नको आबा. आमच्यात खोडून काढत नाहीत. एकच रेघ मारायची, जुनं उत्तर वाचता आलं पाहिजे. वर नवं लिहायचं आणि बाजूला सही."

मी रेघ मारली. वर लिहिलं: पतीच्या आवडीमुळे. बाजूला सही केली, तारीख घातली.

साळूनं कागद स्वतःकडं ओढून घेतला आणि ती ओळ बोट ठेवून वाचली. दोनदा वाचली. मग समीक्षाला म्हणाली, "फुडचं इचार. अजून हाईत का सवाल?"

संध्याकाळी साळू १९०.